उतारावर समोर उभं राहू नये

काराकोल, ९ मार्च

चिरंजीव आयझिरेक,

तुला, कुबातला आणि छोट्या सेझिमला आशीर्वाद. पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी सांगतो, इकडे सगळे जिवंत आहेत. मी, एलामान, गाय, गायीचं नवं वासरू आणि शेजारची झूराबाई. त्यातही झूराबाई जरा जास्तच.

काल आठ मार्चला महिला दिनाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला होता. तू तब्येत विचारलीस आणि नेहमीसारखा फोन कुबातच्या हातात दिलास. तुझं चुकलं नाही. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर गप्पा माराव्यात अशी आपल्याकडे पद्धतच नाही, आणि सात वर्षांत तू ती अशी सांभाळलीस की माझ्या बहिणींनाही नाव ठेवायला जागा मिळाली नाही. पण कुबातशी बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला आम्हा दोघांचा आवाज चढतो. तो म्हणतो, बाबा, ओरडू नका. अरे, सगळं आयुष्य डोंगरावर वाऱ्याशी भांडत पोरांना स्की शिकवण्यात गेलं, आता या वयात कुजबुजायला कुठे शिकू? म्हणून हे कागदावर. मिनीबसवाल्या तालायला बजावलंय, पाकीट सुनेच्याच हातात द्यायचं. सोबत बटाट्यांचं पोतं आहे आणि जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी. तुझी सासू बातमा गेल्यापासून साखरेचं प्रमाण मला काही जमलेलं नाही, तेव्हा मुरंबा जपून खा.

एलामानचा खोकला गेला. वरचा दात पडला. रीतीप्रमाणे पावाच्या तुकड्यात घालून कुत्र्याला दिला, आणि कुत्र्यानं तो गिळला की नाही हे बघायला त्याच्या तोंडात हात घालत होता. आता 'स' म्हणताना शिट्टी वाजते, म्हणून सेझिमचं नाव मुद्दाम पुन्हा पुन्हा घेतो. उतारावर सगळ्यांना सांगत फिरतो, माझी पुतणी बिश्केकला असते, मी तिचा काका. सहा वर्षांचा काका. पोरं तोंडावर हसतात, पण त्याची ऐट काही कमी होत नाही.

एलामानला बिश्केकच्या शाळेत घालायचं कुबात बोलला होता, त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. फेब्रुवारीत जेवताना मी बोललो तेवढं पुरे. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. चाळीसाव्या दिवशी तू त्याला स्वतःच्या हातानं बातमाच्या मांडीवर ठेवलंस, तेव्हापासून तो आमचा धाकटा मुलगा, मी त्याचा बाबा, कुबात त्याचा दादा आणि तू त्याची वहिनी. ही रीत मी काढलेली नाही. सप्टेंबरला अजून अवकाश आहे.

त्यापेक्षा उताराचं सांगतो. तू आलीस तेव्हा तिथे जो खेळ चालला होता तो कसा सुरू झाला, हे तुला कुणी सांगितलं नसेल. ती गंमत तुला कळायलाच हवी.

लहान पोरांना वळायला शिकवणं हे मोठ्यांना शिकवण्यासारखं नसतं. मोठ्या माणसाला सांगता येतं, बाबा रे, डावीकडे जायचं तर उजव्या पायावर भार टाक. पोराला भार म्हणजे काय कळतंय? त्याला सांगायचं, उजव्या अंगठ्याखाली उंदीर आहे, चिरड त्याला. तो दात-ओठ खाऊन उंदीर चिरडतो आणि स्कीची पट्टी आपोआप डावीकडे जाते. किंवा त्याला मिनीबसचा ड्रायव्हर करायचं. हातात नसलेलं चाक, तोंडानं घरघर, बर्फात खोचलेल्या प्रत्येक फांदीपाशी थांबा. बाजार, बाजार, कोण उतरतंय? असं करत पोर सगळा उतार नागमोडी उतरतं, आणि आपण वळलो हे त्याला घरी जाईपर्यंत कळत नाही. कळलं की घाबरतं, म्हणून कळू द्यायचं नाही.

या हिवाळ्यात माझ्याकडे नऊ पोरं होती. आठ जण जानेवारी संपेपर्यंत थोडंफार वळायला लागले. नववा एलामान. उंदीर चिरडतो, ड्रायव्हर होतो, घरघर सगळ्यांत मोठ्यानं करतो, आणि उतारावर सोडला की सरळ खाली. सगळे थांबे चुकवून सरळ. झूराबाईची नात मेरिम त्याला म्हणाली, "तुझ्या बसमध्ये मी कधी बसणार नाही. ही बस कुठे थांबतच नाही." मेरिमची जीभ आजीवर गेली आहे.

मग तुमचं यायचं ठरलं. खरं सांगतो, मला वाटलं कुबातला दाखवावं की पोरगा माझ्या हाताखाली कसा तयार झालाय. बघ म्हणावं, इथे काय कमी आहे त्याला. पण दाखवणार काय? मास्तरचाच मुलगा वळत नाही. मग मी तो सोपा उपाय काढला, जो परदेशात सर्रास करतात. स्कीची पुढची टोकं एकमेकांना बांधायची. टोकं लांब जात नाहीत, पोर टाचा बाहेर ढकलतं, पट्ट्यांचा नांगर होतो आणि नांगर झाला की वळण येतं. गोठ्यात काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी होती, कोकरं बांधायची. तीच घेतली आणि सगळ्यांच्या देखत पोराच्या स्कीची टोकं बांधली. ही दोरी बघून आपल्या माणसांना काय आठवेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

झूराबाई कुंपणापाशी उभी होती. तिथूनच सुरू झाली. "अरे इशेनाली, अक्कल गहाण ठेवलीस का? एकदा मोकळे केलेले पाय परत बांधतोस?"

मी म्हटलं, "झूराबाई, पाय नाही बांधले. पट्ट्या बांधल्यात."

"आणि पट्ट्या कुठे बांधल्यात? माझ्या पायाला? त्याच्याच ना? पोराची वाट बांधतोयस तू. उद्या आहे तिथेच राहिला तर बातमाला वर जाऊन काय तोंड दाखवशील?"

बायका जमल्या. दोघींनी आपापली पोरं उचलून मागे घेतली, जणू मी त्यांनाही बांधणार होतो. मला राग आला, कारण म्हातारीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपल्या अंगणात त्याचा तुशो कापला तो दिवस तुला आठवत असेल. वर्षाचं पोर, धड उभं राहता येत नाही, घोट्यांना हीच काळी-पांढरी दोरी, आणि कुंपणापासून धावत सुटलेली गल्लीतली पोरं. पहिला आला त्यानं दोरी कापली, बातमानं त्याचे दोन्ही हात धरून पहिली पावलं टाकून घेतली. तू समोवाराजवळ होतीस, पाहुण्यांचा चहा बघत.

तर मी दोरी सोडायला वाकलो, तेवढ्यात एलामान शांतपणे म्हणतो, "बाबा, पण धावणार कोण?"

त्याला वाटलं आपला तुशो आहे. टोकं बांधली म्हणजे आता कुणीतरी धावत येऊन कापणार. आणि वरून मेरिमनं ऐकलं. ती किंचाळली, "तुशो!" आणि वर उभी असलेली सगळीच्या सगळी पोरं सुटली. एलामान उताराच्या मधोमध नव्हता, कडेला झाडांजवळ होता. सरळ जाणारे खाली जाळीत जाऊन पडले. वळले तेच त्याच्यापर्यंत पोचले. आयझिरेक, जी पोरं महिनाभर माझ्या उंदरांना आणि बसथांब्यांना जेमतेम दाद देत होती, तीही त्या दिवशी झोकात वळली. मेरिम पहिली आली. कात्री नव्हती, तर दातांनी दोरी तोडायला लागली.

झूराबाईनं तुटलेली दोरी उचलून बघितली. मग म्हणाली, "कापली ना? मग ठीक आहे." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लोकर वळून नवी दोरी घेऊन आली. तेव्हापासून रोज हा खेळ. एकानं कडेला बांधून उभं राहायचं, बाकीच्यांनी वरून फांद्यांमधून वळत यायचं, बोथट कात्री माझ्या शिट्टीच्या दोरीला. दोरी रोज आखूड होत गेली आणि झूराबाई रोज बडबडत नवी वळत गेली.

फक्त एक झालं. बांधून कुणी उभं राहायचं म्हटलं की एलामानच पुढे. कुणाला पाळी देईना. मी म्हटलं, अरे, तूही धाव की कधी. म्हणाला, "नको. इथे उभं राहिलं की सगळे माझ्याकडेच येतात."

तालाय हॉर्न वाजवतोय. बरणी परत पाठव.

इशेनाली


काराकोल, १७ मार्च

आयझिरेक,

आशीर्वाद. बरणी पोचली. रिकामी परत पाठवली नाहीस, अक्रोड भरून पाठवलीस, पण सोबत एक ओळ नाही. तालायला मी खोदून विचारलं. तो म्हणाला, तुमच्या सुनेनं दारातच उभ्यानं पत्र वाचलं, घडी घातली, बटाट्यांचं पोतं स्वतः उचललं आणि मला चहा दिला. मी विचारलं, हसली का? तो म्हणाला, आजोबा, मी मिनीबस चालवतो, तोंडं वाचत नाही.

पत्र पाठवल्यावर मला चैन पडलं नाही. सगळं लिहिलं आणि जे लिहायला बसलो होतो तेच टाळलं. गमतीजमती सांगून वेळ मारून नेली. कुबातच्या भाषेत सांगायचं तर, बाबा नेहमीसारखे कडेनं गेले.

तेवीस फेब्रुवारीचं आता सरळ लिहितो.

तू तळलेल्या बोरसोकांचं गाठोडं घेऊन वर आलीस. कुबात आल्या आल्या खुर्चीच्या लिफ्टनं वरच्या डोंगराकडे गेला, त्याचं लहानपणापासून तेच. पोरांनी बोरसोकांचा फडशा पाडला आणि तुला गराडा घातला. मेरिमनं फर्मान काढलं की आज वहिनीला बांधायचं. तू नको नको म्हणत होतीस, माझ्याकडे बघून मान खाली घालत होतीस, आणि मी दुसरीकडे बघितलं. ती परवानगी आहे असं पोरांनी धरलं. कुणाच्या तरी आईचे बूट, कुणाच्या तरी पट्ट्या. जन्मात स्कीवर पाय ठेवला नव्हतास. कडेला झाडांपर्यंत जाता जाता दोनदा आपटलीस, दुसऱ्या वेळी तुझा रुमाल सुटला, आणि तू हसलीस. सात वर्षांत मी तुला मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

एलामान बांधून घ्यायला पुढे आला तर मेरिम म्हणाली, "आज तू वर. तुझी पाळी झाली, हजारदा झाली." तो वर गेला. मी खाली माझ्या जागेवर उभा राहिलो.

माझी जागा म्हणजे काय ते ऐक, कारण सगळं तिथेच आहे. पोर जिथे बघतं तिथे जातं. झाडाकडे बघितलं तर झाडावर, खड्ड्याकडे बघितलं तर खड्ड्यात. म्हणून शिकवणाऱ्यानं पोराच्या समोर कधी उभं राहू नये, बाजूला उभं राहावं आणि तिकडे बोलवावं. नव्या मास्तरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो. बाकीच्या आठ पोरांना मी बाजूला उभा राहून बोलावलं. एलामान उतारावर आला की मी मधोमध, अगदी पायथ्याशी, दोन्ही हात पसरून उभा. रोज. तो सरळ येऊन माझ्या पोटावर आदळायचा, मी त्याला उचलायचो, आणि मग सगळ्यांना सांगायचो की काय करावं, पोरगा वळतच नाही.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाच्या बापानं असं केलं असतं तर मी त्याला शिट्टी मारून बाहेर काढला असता.

त्या दिवशीही हात पसरलेलेच होते. शिट्टी झाली, पोरं सुटली. तो अर्ध्यापर्यंत सरळ माझ्याकडे आला. मग त्यानं तुझ्याकडे बघितलं. आधी मान वळली, मग खांदा, मग गुडघा, आणि मग त्या हट्टी पट्ट्या. फांदीला वळसा घालून तुझ्या बाजूला गेला, पुढच्या फांदीला उलटा वळसा, पुन्हा तुझ्याकडे. कुणी उंदीर सांगितला नाही, कुणी बस सांगितली नाही. मेरिम त्याच्या आधी पोचली होती, तरी तिनं दोरी कापली नाही. कात्री पाठीमागे धरून थांबली आणि तो आल्यावर त्याच्या हातात दिली. ती पोरगी एवढं समजूतदार वागेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

मी हात खाली घेतले आणि खिशात घातले.

तू बर्फात बसलेली होतीस, त्याला धरून. मग तू मान वर केलीस आणि थेट माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघितलंत?" सात वर्षांत तू मला स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि मी म्हणालो, "त्या अंगाला उताराला कल आहे. बर्फानंच वळवलं त्याला."

खोटं. त्या उताराचा इंच न् इंच मला ठाऊक आहे. कल असलाच तर उलट्या बाजूला आहे. तिकडे वळायला पोराला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो त्यानं लावला.

तुझा चेहरा उतरला. तू म्हणालीस, "हो का." आणि रुमाल बांधायला लागलीस.

मग घरी जेवताना कुबातनं शाळेचा विषय काढला. तू काढायला लावलास हे मला कळत होतं, आणि त्यात काही गैर नव्हतं. तुझ्या तोंडून तू विचारू शकत नव्हतीस. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. दिलेलं मूल परत मागत नाहीत. बातमा असती तर तोंड उघडायची हिंमत झाली असती का. कुबात उठून बाहेर गेला. तू बसून राहिलीस, चहाची किटली तुझ्या हातात होती. माझा पेला तू भरलास, अर्धाच, जसा मानाच्या माणसाचा भरतात. काठोकाठ भरून 'आता उठा' म्हणायची ती वेळ होती. दुसरी कुणी असती तर तिनं भरला असता.

बातमाचं नाव मी मध्ये आणलं ते वाईट केलं. ती बोलली असती, पण माझ्यासारखं नाही. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली होती, पोराला माझ्यासाठी मागितलं होतं, तुमच्यासाठी नाही. मी तेव्हा ते ऐकलं नाही असं दाखवलं.

खरं कारण रीत नाही, आयझिरेक. मला भीती वाटते. संध्याकाळी घरी आल्यावर दार उघडलं आणि आत कुणीच नाही, ही भीती. पोराचे ओले मोजे शेगडीवर नाहीत, कुत्र्याच्या तोंडात हात नाही. एवढ्या मोठ्या डोंगराला मी कधी घाबरलो नाही आणि दोन खोल्यांच्या घराला घाबरतो. हे कुबातला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

अजून मी काही ठरवलेलं नाही. खोटं कशाला बोलू. पण कालपासून एलामान उतारावर आला की मी बाजूला उभा राहतो. पहिल्यांदा त्यानं मला शोधलं, मग वळला. नांगर अजून वाकडा आहे.

इशेनाली


काराकोल, २४ मार्च

आयझिरेक,

नोरूझच्या शुभेच्छा, तुला आणि घरातल्या सगळ्यांना. नवं वर्ष तुमच्या घरात भरल्या ताटानं येवो. झूराबाईनं सुमोलोकच्या खिरीचा डबा दिलाय, तो तालायबरोबर येतोय. तळाशी लागलंय असं मी म्हणालो तर दोन दिवस बोलत नव्हती. दोन दिवस फार शांततेत गेले.

खालचा बर्फ गेला. परवा उताराचा शेवटचा दिवस होता. पोरांना चिखलातून पट्ट्या खांद्यावर घेऊन घरी पाठवलं.

काल सकाळी गोठ्यात होतो. मी दूध काढत होतो, एलामान वासराला आवरून धरून उभा होता. मी बरेच दिवस शब्द जुळवत होतो, पण त्यातला एकही वेळेला आठवला नाही. गायीकडे तोंड करूनच बोललो. म्हटलं, "एलामान, तुझी वहिनी आहे ना बिश्केकची. ती तुझी वहिनी नाही. आई आहे."

तो म्हणाला, "माहीत आहे."

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. विचारलं, "कुणी सांगितलं?"

"मेरिमनं. पहिल्या बर्फाच्या आधीच. मग मी वहिनीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, हो." वासरू सुटायला बघत होतं, त्याला त्यानं मानेशी घट्ट धरलं. "तुम्ही गोठ्यात असता ना, तेव्हा मी तिला फोनवर आईच म्हणतो."

"मग माझ्यासमोर का नाही म्हणत?"

"तीच म्हणाली. बाबांच्या समोर नको म्हणू. त्यांना दुसरं कोण आहे."

गायीनं पाय झाडला तेव्हा मला कळलं की मी सड नुसताच धरून बसलो होतो.

सहा महिने. सहा महिने तू तुझ्या मुलाच्या तोंडून आई ऐकत होतीस आणि माझ्यासाठी तो शब्द फोनमध्ये लपवून ठेवत होतीस. फेब्रुवारीत माझ्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, वहिनी म्हणवून घेत होतीस. मी तुला दिलेलं मागत नाहीत असं सुनावत होतो, तेव्हाही तुझ्याजवळ हे होतं, आणि एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. तू पेला अर्धा भरलास. आयझिरेक, मला फार लाज वाटली, आणि तुझा फार अभिमान वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सोसायचं हे मला अजून कळलेलं नाही. बातमानं तुला पसंत केलं तेव्हा मी म्हणालो होतो, पोरगी फार गप्प आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

आता ठरलेलं लिहितो. तू त्याला न्यायला येऊ नकोस. मागायला तर मुळीच नको. मी स्वतः घेऊन येईन, ऑगस्टमध्ये, गवत कापून झालं की, त्याच्या पट्ट्या आणि त्याची उशी घेऊन. तुझ्या दारात उभा राहून तुझ्या हातात देईन, जसा तू बातमाच्या हातात दिला होतास. कुबातला सांग, त्या दिवशी मी ओरडणार नाही. ओरडलो तर तो आनंदाचा आवाज समजावा. हिवाळ्याच्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठव, वळणं अजून कच्ची आहेत. आणि तू येशील तेव्हा उतारावर बाजूला उभी राहा. त्याला तू बोलावलेलं कळतं.

घराची भीती अजून गेलेली नाही. झूराबाई म्हणते, वासराला आत बांध. मी विचार करतोय.

गोठ्यातून बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, आता मला काय म्हणायचं ते ठाऊक आहे ना? त्यानं दोनतीनदा म्हणून बघितलं, दात नसल्यानं नीट जमेना, आणि मलाच हसू आलं. सवय व्हायला मला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागतील, तेवढं सांभाळून घ्या. आणि यापुढे फोनवर तो तुला माझ्यासमोर, मोठ्यानं हाक मारेल. मी गोठ्यात जाणार नाही. तिथेच बसून ऐकेन.

तुझ्या मुलाचा आजोबा